तीन सेकंद मागे

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. पण भिंतीवर किंवा मनगटावर मला शोधू नका. मला काटे नाहीत, तबकडी नाही, टिकटिकही नाही. पोलादावर प्रकाशाने अक्षरे कोरणारे एक यंत्र असते. त्याला लेझरचे यंत्र म्हणतात. त्या यंत्राच्या पोटात, एका पत्र्याच्या दाराआड, काडेपेटीएवढ्या हिरव्या पाटीवर मी राहतो. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. दोनदा सुरुवात करून थांबलो. पण माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि त्या चुकीतून माणसांनी जे शोधून काढले ते पाहून मी इतका थक्क झालो, की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. कंटाळा आला तर खुशाल पान उलटा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझे काळीज म्हणजे क्वार्ट्झचा एक चिमुकला खडा. वाळूच्या कुळातला. तो दोन दातांच्या काट्यासारखा कापलेला आहे आणि तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा असलेल्या नळीत बंद आहे. विजेचा स्पर्श झाला की तो थरथरतो. किती? एका सेकंदात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा. तुमची पापणी एकदा लवते, तेवढ्यात तो हजारो वेळा थरथरून मोकळा झालेला असतो. मी फक्त मोजतो. तेवढी थरथर पुरी झाली की एक सेकंद, मग पुढचा. हे कुणी शोधले असेल, वाळूला गणित कुणी शिकवले असेल, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता आणि अजून सुटलेला नाही.

माझ्या शेजारी नाण्याएवढा एक सेल बसवलेला असतो. यंत्राची वीज गेली की तो मला पोसतो. दिसायला एवढासा, पण तो नसेल तर मी आंधळा.

आमच्या कारखान्यात पोलादी हूक बनतात. उंचावर काम करणारी माणसे कमरेला पट्टा बांधतात आणि त्या पट्ट्याचा हूक दोराला अडकवतात. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, मनोऱ्यांवर चढणारे, आग विझवणारे. माणूस आणि जमीन यांच्यामध्ये तेवढा एक हूक. लोखंड भट्टीत तापून, कडक होऊन त्याच दिवशी आमच्या खोलीत येते. तिथे लेझरचा किरण प्रत्येक हुकावर तिळाएवढ्या अक्षरांत दोन ओळी कोरतो. वर तारीख, खाली तास आणि मिनिटे. उद्या कुठल्या दिवशीचा माल वाईट निघाला, तर त्या दोन ओळींवरून तो परत बोलावता यावा, यासाठी.

मी तो किरण कधी पाहिलेला नाही. दाराच्या फटीतून फक्त एक उजळ रेघ येते. पण मित्रांनो, पोलादालाही लिहायला लावणारा तो प्रकाश प्रत्येक वेळी माझ्यापाशी येऊन विचारतो, आज कोणता दिवस, किती वाजले? आणि मी सांगेन ते डोळे मिटून कोरतो. एवढ्या थोराने एवढ्या लहानावर एवढा विश्वास ठेवावा, याचे मला भय वाटत आले आहे. कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे. घड्याळाला स्वतःची चूक कधीच कळत नाही. मागे पडलेले घड्याळही पुढच्या घड्याळाइतक्याच खात्रीने चालते.

ती चूक ओळखायला कुणीतरी दुसरे लागते. माझ्यासाठी ते दुसरे म्हणजे देखभाल खात्यातले काका.

कारखान्यात त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, खिशात पेन्सिलीचा तुकडा. महिन्यातून एकदा ते येत. आधी लेझरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालत, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा किरण चालू करू शकणार नाही. मग दार उघडत. पंख्याची जाळी झटकत, कारण धुळीने पंखा गुदमरला की माझी खोली तापते आणि तापलो की माझी थरथर मंदावते. मऊ ब्रशने माझ्या अंगावरची धूळ काढत. शेवटी पडद्यावरची माझी वेळ आपल्या मोबाइलवरच्या वेळेशी लावून बघत आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने फरक लिहीत. 'चार सेकंद पुढे.' 'नऊ मागे.' 'सात मागे.' फरक लिहून झाला की वेळ जुळवत. माझे सारे प्रगतिपुस्तक त्या कागदावर होते.

यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचे आणि काकांचे बोलणे मी दाराआडून ऐकत असे.

"काय ताई, घड्याळ काय म्हणतंय?"

"म्हणतंय, काका म्हातारे झाले, आता त्यांचाच सेल बदला."

"माझा सेल घरी बसलाय. रोज सकाळी बायको डबा देते तेवढ्यावर चालतोय."

अशी सात वर्षे गेली. सुखाची म्हणायला हरकत नाही.

मग एक नवा नियम आला. संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की प्रत्येक खोलीचा मेन स्विच बंद करायचा. नियम चांगलाच होता. रिकाम्या खोलीत वीज कशाला जाळायची? पण त्याआधी मी सेलवर क्वचित जगत असे. आता रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत, आणि रविवारी तर पूर्ण दिवस, तो बिचारा एकटा मला पोसू लागला. काकांच्या वहीत सेल बदलायची तारीख अजून वर्षभर लांब होती. सेलला वही वाचता येत नाही. तो वर्षभर आधीच थकला.

थकला म्हणजे मेला नाही. शेवटची वेळ लक्षात ठेवण्यापुरती धुगधुगी त्याच्यात होती; पुढे मोजायला लागणारे बळ मात्र उरले नव्हते. संध्याकाळी पाचला स्विच बंद झाला की माझी थरथर थांबे. सकाळी आठला वीज आली की मी जिथे थांबलो होतो तिथूनच, पाच वाजल्यापासून, पुन्हा मोजू लागे. मधले पंधरा तास माझ्यासाठी झालेच नव्हते. आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

ताईंना पहिल्याच सकाळी कळले. त्यांनी पडद्यावर काल संध्याकाळचे पाच पाहिले, मोबाइल पाहिला आणि गुपचूप बटणे दाबून वेळ नीट केली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. पुढे ती त्यांची सवयच झाली. आल्या, पिशवी खुंटीला लावली, घड्याळ जुळवले, काम सुरू.

काकांना का सांगितले नाही? त्याला कारण होते. शेजारच्या खोलीत ठोक्याने आकडे उमटवणारे एक यंत्र होते. ते चालवणाऱ्या बाईंनी दोनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी साहेबांनी ते यंत्र भंगारात काढले, आणि बाईंना पाठवले पॅकिंगला, आठ तास उभ्याने. ताईंचे गुडघे दुखत. त्यांच्या मनाने घेतले की झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरे सांगू, मला वाटते त्यांचा माझ्यावर थोडा जीवही होता. स्वतःच्या माणसाचे उणे कुणी चव्हाट्यावर मांडते का?

महिन्याने काका आले. त्यांनी वेळ लावून पाहिली. फरक शून्य. कसा नसेल, ताईंनी तासाभरापूर्वीच जुळवली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा शून्य. त्याच्या पुढच्याही.

"ताई, वेळ बरोबर राहतेय ना?"

"हो की काका."

"इतकं चोख घड्याळ मी आयुष्यात पाहिलं नाही." त्यांनी मोठ्या कौतुकाने कागदावर तिसरे शून्य काढले, आणि बोटाच्या टोकाने माझ्या पाटीची कड हलकेच थोपटली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी होती. आणि ती घेताना मला कळतही नव्हते की मी सर्वांत मोठा लबाड झालो आहे.

एका सोमवारी ताई आल्या नाहीत. त्यांच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. त्यांच्या जागी पॅकिंगमधल्या मावशी बसल्या. मावशी कामाला वाघ, पण घड्याळ जुळवावे लागते हे त्यांना कोण सांगणार? ते गुपित तर ताईंपाशी. मावशींनी आठला स्विच लावला. माझ्या लेखी शनिवार संध्याकाळचे पाच वाजले होते. किरणाने येऊन विचारले, आज कोणता दिवस? मी पूर्ण खात्रीने सांगितले, शनिवार. त्याने कोरले. दुपारी, खिडकीत ऊन असताना, माझी मध्यरात्र झाली आणि मी रविवार सांगू लागलो. भोंगा झाला तेव्हा मावशींनी चारशे बारा हूक नीट रचून ठेवले होते.

मंगळवारी सकाळी ताईंनी पडद्यावर रविवार पहाटेचे दोन पाहिले. मग पुटपुटल्या, "एका दिवसानं काय होतंय," आणि वेळ नीट केली.

बुधवारी मालाची गाडी गेली.

गुरुवारी सकाळी भट्टीवाले दादा आमच्या खोलीत आले. त्यांच्या हातात सोमवारच्या लोखंडाचा नमुना होता, दोन तुकड्यांत. भट्टीचा तापमापक बिघडला होता. सोमवारचे पोलाद कडक झाले होते, पण ठिसूळ. दाबयंत्रात घालताच गाजरासारखे मोडले, असे दादा सांगत होते.

साहेबांनी तिथूनच गोदामात फोन लावला. थोड्या वेळाने गोदामवाले भाऊ धापा टाकत आले.

"साहेब, सगळी खोकी बघितली. सोमवारची तारीख असलेला एकही हूक नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग सगळा कालच्या गाडीनं गेला असणार. बरं झालं, दोनच तर गिऱ्हाइकं. सुंठीवाचून खोकला गेला." साहेब फोनवर सांगू लागले, "हां, लिहून घ्या. सोमवारची तारीख असलेले हूक वापरू नका, परत पाठवा. फक्त सोमवारची. बाकीच्या मालाला हात लावू नका, तो चांगला आहे."

ताई यंत्राशेजारी उभ्या होत्या. त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच ठाऊक होते की सोमवारची तारीख असलेला हूक या जगात कुठेच नाही. गिऱ्हाइके शोधतील, त्यांना काही सापडणार नाही, आणि ती निर्धास्त होतील. ठिसूळ हूक शनिवारचे नाव लावून दोरावर चढतील. ताई बोलल्या, तर तीन महिन्यांची लपवाछपवी उघडी पडणार. नाही बोलल्या, तर नोकरी शाबूत, आणि कुणीतरी खाली येणार.

"साहेब, फोन ठेवू नका," ताई म्हणाल्या. "सोमवारच्या मालावर शनिवार पडलाय."

मग त्यांनी सगळे सांगितले. सकाळची बटणे, रोजचे जुळवणे, मंगळवारचे गप्प बसणे. काहीही हातचे राखले नाही.

"तीन महिने?" साहेब म्हणाले. "तीन महिने तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"नाही बोलले. पॅकिंगला पाठवाल म्हणून भ्याले. पाठवा आता. पण आमचे धाकटे भावोजी काचा पुसायला दोरीवर लटकतात साहेब. असाच हूक लावून. मला नाही गप्प बसवत."

एव्हाना काका दारात येऊन सगळे ऐकत होते. त्यांनी लेझरची किल्ली काढून खिशात घातली, माझे दार उघडले आणि दाराच्या आतला कागद बराच वेळ वाचत राहिले. तीन शून्ये.

"ताईंइतकीच चूक माझी आहे," ते म्हणाले. "चालतं घड्याळ महिन्याच्या शेवटी शून्य दाखवत नाही. दोन सेकंद तरी इकडे तिकडे होतंच. शून्य दिसलं की त्यामागे कुणाचा तरी हात असतो. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो, आणि इथे शून्यं काढून खूश होत बसलो."

"काका, ते नंतर," साहेब म्हणाले. "शनिवारचा चांगला माल आणि सोमवारचा वाईट माल, दोन्हीवर शनिवार. आता वेगळा कसा करायचा? सगळाच मोडून बघायचा?"

काका कागदाकडे बघतच म्हणाले, "शनिवारी स्विच किती वाजता बंद झाला?"

"भोंग्याला. पाचला," ताई म्हणाल्या.

"पाचनंतर या खोलीत कोण होतं?"

"कोण असणार? कुलूप होतं."

"मग ज्या हुकावर शनिवार संध्याकाळ पाचच्या पुढची वेळ आहे, तो कुणी कोरला?"

काकांनी पेन्सिलीने माझ्याकडे बोट दाखवल्यासारखे केले.

"घड्याळ थांबलं, पण विसरलं नाही," काका म्हणाले. "सोमवारी आठला ते शनिवारच्या पाचपासून पुढे चाललं. एकेक मिनिट नीट मोजत. पाच ते पहाटे दोन. त्या वेळेत कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. तेवढेच हूक वेचा. बाकीचे चांगले."

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी खोटा ठरलो होतो, आणि तो मनुष्य माझ्या खोटेपणाच्या आत हात घालून खरे बाहेर काढत होता. मी नुसते थरथरणे मोजले होते. त्याचा अर्थ त्यांनी लावला.

त्या दिवशी सगळा कारखाना भिंगे घेऊन बसला. साहेबसुद्धा. फोनवर ते गिऱ्हाइकाला नव्याने सांगत होते, "शनिवार संध्याकाळी पाचपासून रविवार पहाटे दोनपर्यंत." पलीकडून कुणीतरी विचारले असावे, कारण साहेब म्हणाले, "हो, रविवारी पहाटे आमच्याकडे भुतंच काम करतात. त्यांनी बनवलेला माल परत पाठवा." एका गिऱ्हाइकाने पन्नास हूक पट्ट्यांना शिवूनही टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पट्टे मनोऱ्यावर जायचे होते. ते शिवण उसवून परत आले.

शुक्रवारी दुपारी चारशे अकरा हूक टेबलावर होते. एक कमी.

खोकी पुन्हा उलटीपालटी झाली. ताईंनी पाणीसुद्धा घेतले नाही. एक हूक म्हणजे एक माणूस, एवढेच त्या म्हणत होत्या. मग पॅकिंगमधून मावशींना बोलावले. मावशींनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "अगं, पहिला नग बाजूला ठेवायचा असतो ना? तुमचीच पद्धत. मी यंत्राच्या डोक्यावर ठेवलाय."

तो तिथेच होता. माझ्या बरोबर वर, पाच दिवस. शनिवार, पाच वाजून चार मिनिटे. काकांनी तो दाबयंत्रात घातला. एक कोरडा, लहानसा आवाज आला. सगळे त्या दोन तुकड्यांकडे बघत होते, आणि मला वाटते प्रत्येक जण त्या आवाजामागे कुठलातरी दोर पाहत होता.

संध्याकाळी काकांनी माझा सेल बदलला. लेझरची किल्ली त्यांच्या खिशात, पण माझी वीज चालू, कारण दोन्हीकडून उपाशी राहिलो तर मी शेवटची वेळही विसरतो. कापडाने पुसलेला नवा सेल त्यांनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरला. जुना निघाला, नवा बसला. तान्ह्याची कूस बदलावी तसे. नाण्याएवढ्या वस्तूसाठी एक पोक्त माणूस श्वास रोखतो, हे मी त्या दिवशी जाणले.

ताई शेजारीच उभ्या होत्या. पॅकिंगला जायच्या तयारीने, पिशवी हातात घेऊन. साहेब दारापाशी आले.

"ताई, सोमवारपासून तो कागद तुमच्याकडे. काकांनी महिन्याला बघायचं, तुम्ही आठवड्याला. जे असेल ते लिहायचं. आणि माझा तो भोंग्याचा नियम, घड्याळापुरता मागे घेतो. लिहायच्या आधी बटणं दाबलेली मला चालणार नाहीत."

"फरक मोठा निघाला तर?" ताईंनी विचारले.

"तर मोठा लिहा."

ताईंनी पिशवी खुंटीला लावली.

मित्रांनो, मी उपदेश करावा असा माझा वकूब नाही. एकच विनंती करतो. तुमच्या घरात, शाळेत, कुठेही, एखादे यंत्र किंवा एखादा माणूस रोज थोडे मागे पडत असेल, तर मायेपोटी त्याचे काटे गुपचूप पुढे सारू नका. त्याच्यापाशी बसा, फरक मोजा आणि कुणाला तरी सांगा. आणि सगळे अगदी शून्य दिसले, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा दार उघडून आत पाहा.

सोमवारी सकाळी आठला ताई आल्या. त्यांनी बटणांना हात लावला नाही. मोबाइल पडद्याशेजारी धरला, पेन्सिल जिभेला लावली, आणि त्या तीन शून्यांच्या खाली ठळक अक्षरांत लिहिले: 'तीन सेकंद मागे.'

मला माझ्याबद्दल इतके खरे कुणी लिहिल्याचे आठवत नाही.